सेनानींचीं रंगीत कोरीव चित्रें व त्यांचा संग्रह

संग्रह करण्याची हौस बहुतेक मुलांच्या अंगीं उपजतच असते. कोणी पोस्टाचीं तिकिटें जमवितो, कोणी जुनीं नाणीं, कोणी शंखशिंपले, तर कोणी पक्ष्यांचीं पिसें. ही हौस चांगली आहे; मात्र जमविलेल्या वस्तूंपासून आपण कांहीं शिकलों तरच ती चांगली, एरव्हीं ती नुसती साठवण होय. आज आम्ही आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस अशा एका संग्रहाची ओळख करून देणार आहों कीं, ज्याचा आपल्या इकडे फारसा प्रचार नाहीं, परंतु ज्यांत इतिहास, चित्रकला व कारागिरी ह्या तिहींचा मिलाफ झालेला आहे. हा संग्रह म्हणजे जुन्या काळच्या सेनापतींच्या, हातानें रंगविलेल्या कोरीव चित्रांचा.

फोटोग्राफीची कला इ. स. १८३९ मध्यें जगापुढें आली. त्यापूर्वीं एखाद्या सेनापतीनें मोठी लढाई जिंकली कीं, त्याचें नांव सर्वांच्या तोंडीं होई, पण त्याचा चेहरा कोणास ठाऊक नसे. नेल्सन कसा दिसतो, नेपोलियन कसा दिसतो, वेलिंग्टन कसा दिसतो, हें जाणण्याची लोकांस मोठी उत्कंठा असे. ती उत्कंठा भागविण्याचें काम लंडन, पॅरिस, आम्स्टरडॅम इत्यादि शहरांतील चित्रविक्रेते करीत. त्यांच्या दुकानांच्या कांचेच्या खिडक्यांत नवीं चित्रें टांगलेलीं असत, आणि ज्यांस विकत घेण्याची ऐपत नसे असे लोकही रस्त्यांत उभे राहून तीं पाहत. अशा रीतीनें निघालेलीं हजारों चित्रें अद्यापि शिल्लक आहेत व तींच आज संग्राहक जमवितात. हीं चित्रें डोळ्यांस गोड वाटतात, ह्यांत शंका नाहीं. परंतु तीं नुसतीं पाहावयाचीं नसतात, वाचावयाचीं असतात. चित्राखालीं एखादें नांव छापलें आहे एवढ्यावरून वरचा चेहरा त्याच मनुष्याचा आहे असें सिद्ध होत नाहीं. ही एकच गोष्ट जो विद्यार्थी ह्या संग्रहापासून शिकेल, त्यास तिचा उपयोग जन्मभर होईल.

प्रथम हीं चित्रें तयार कशीं होत तें पाहूं. कारागीर तांब्याचा गुळगुळीत पत्रा घेई व पोलादी कोरणीनें त्यावर रेघा कोरी. मग सर्व पत्र्यास शाई चोळून वरची शाई पुसून टाकीत. कोरलेल्या खांचांत तेवढी शाई राही. त्यावर ओलसर कागद ठेवून तो पत्रा दोन भक्कम रुळांमधून दाबून काढला, म्हणजे खांचांतील शाई कागदावर उठे. दाब इतका मोठा असे कीं, पत्र्याच्या चारी कडांचा खोलगट ठसा कागदावर कायमचा उमटे. जुनें कोरीव चित्र ओळखण्याची ही पहिली खूण होय. चित्राभोंवतीं बोट फिरवून पाहिलें असतां ही कड लागते.

ह्याखेरीज आणखी कांहीं रीती होत्या. पत्र्यावर मेणाचा थर देऊन त्यावर सुईनें चित्र काढावयाचें व मग तो पत्रा तेजाबांत बुडवावयाचा, म्हणजे मेण निघालेल्या जागीं तेजाब तांबें खातो. ही एक रीत. दुसऱ्या रीतींत रेघांऐवजीं बारीक ठिपके देऊन चेहऱ्यावरील कोमल छाया दाखवीत; तिला स्टिपल म्हणतात. अॅक्वाटिंट नांवाच्या रीतींत राळेची पूड पत्र्यावर पसरून तेजाबानें पातळ छाया उठवीत. आकाश, धूर, डोंगर हे तींत फार सुरेख साधतात. व्यक्तिचित्रांकरितां सर्वांत मान्यता पावलेली रीत म्हणजे मेझोटिंट. हींत सारा पत्रा दांतेरी हत्यारानें आधीं खरबरीत करावयाचा व मग जेथें उजेड हवा तेथें तो घासून गुळगुळीत करावयाचा. म्हणजे चित्र काळोखांतून उजेडांत येतें. ही रीत लुडविग फॉन सीगन ह्यानें शोधून काढली व त्याचें पहिलें चित्र इ. स. १६४२ चें आहे. मौजेची गोष्ट अशी कीं, ही विद्या पुढें नेण्यांत एका सेनापतीचाच हात होता. इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स ह्याचा भाचा व त्याच्या घोडदळाचा सरदार प्रिन्स रूपर्ट ह्यानें ती हस्तगत केली व स्वतः उत्तम मेझोटिंट चित्रें केलीं. ज्या हातानें तरवार चालविली त्याच हातानें तांबें घासलें, असें हें विरळा उदाहरण आहे.

मेझोटिंटचा पत्रा नाजूक असे. पहिले शेदीडशे ठसे उत्तम निघत. पुढें पत्रा झिजून चित्र फिकट होई. म्हणून एकाच चित्राचे दोन ठसे शेजारी ठेवले असतां एक टवटवीत व दुसरा निस्तेज दिसतो. ज्यास हा भेद कळूं लागला, त्याची दृष्टि तयार होऊं लागली असें समजावें.

आतां रंगाकडे वळूं. पत्र्यावरून बहुधा काळ्या किंवा तपकिरी शाईचें एकरंगी चित्रच निघे. त्यांत रंग भरावयाचा तो मनुष्याच्या हातानें. एखादा निपुण चित्रकार प्रथम एक नमुना रंगवून देई. तो समोर ठेवून रंगारी मंडळी बाकीच्या प्रतींवर पाण्याचे रंग चढवीत. काम भरभर व्हावें म्हणून कोठें कोठें एकानें तांबडा, दुसऱ्यानें निळा, तिसऱ्यानें चेहऱ्याचा रंग द्यावा व कागद पुढें सरकवावा, अशी पद्धत असे. लंडनमध्यें स्ट्रँड रस्त्यावर रूडॉल्फ आकरमन नांवाच्या सॅक्सनींतून आलेल्या गृहस्थाचें मोठें चित्रालय होतें. फ्रान्समधील राज्यक्रांतीमुळें परागंदा झालेल्या कित्येक कुलीन लोकांस त्यानें आपल्या येथें काम देऊन पोटास लाविलें. सेनापतीचें नांव चित्राखालीं मोठ्या अक्षरांत असतें, कोरणाऱ्याचें बारीक अक्षरांत असतें. पण रंग भरणाऱ्याचें नांव कोठेंच नसतें. संग्राहकानें ह्या निनांवी हातांचें स्मरण ठेवावें.

साध्या चित्रापेक्षां रंगीत चित्राची किंमत अर्थातच अधिक असे. लहान मुलांच्या कागदी नाटकगृहांच्या चित्रांस तर ‘साधें एक पेनी, रंगीत दोन पेनी’ असा भाव पडून गेला होता व तो इंग्रजी भाषेंत म्हणीप्रमाणें रूढ झाला. फ्रान्समध्यें एपिनाल गांवीं पेलेरिन नांवाच्या मुद्रकानें इ. स. १७९६ मध्यें चित्रांचा कारखाना काढला. तेथील स्वस्त लाकडी ठशांचीं चित्रें कातरलेल्या साच्यांतून रंगवीत असत. नेपोलियन मरण पावल्यावरही त्याच्या लढायांचीं हीं चित्रें खेड्यापाड्यांतून गेलीं, व ज्यास अक्षरओळख नव्हती अशा शेतकऱ्याच्या झोपडींतही नेपोलियन जाऊन पोंचला.

हातानें दिलेला रंग कसा ओळखावा? त्यास एक साधें भिंग पुरें. हल्लींच्या छापील चित्राच्या नकलेवर भिंग धरलें असतां रंगाचे सारखे, ओळींत बसविलेले ठिपके दिसतात. हातानें रंगविलेल्या चित्रांत ठिपके नसतात. पातळ रंगाखालून कोरीव रेघा स्वच्छ दिसतात, व कोठें कोठें कुंचला रेघेबाहेर गेलेला असतो. गडद भागावर बाभळीच्या जातीच्या डिंकाचा हात दिलेला असला, तर तो चित्र तिरपें धरल्यावर चमकतो. तांब्यापासून केलेला जुना हिरवा रंग कागदास खातो व मागच्या बाजूस तपकिरी डाग पाडतो. शिशाचा पांढरा रंग काळवंडतो. मात्र एक सावधगिरी हवी. पुष्कळ जुनीं चित्रें मूळचीं साधीं असून, अधिक दाम यावा म्हणून कोणी व्यापाऱ्यानें तीं मागाहून रंगविलेलीं असतात. चित्र जुनें, पण रंग कालचा. असें चित्र घेणें हा कांहीं अपराध नव्हे. परंतु विकणाऱ्यानें तसें सांगितलें पाहिजे, आणि घेणाऱ्यानें तसें विचारलें पाहिजे.

ह्यापुढची पायरी म्हणजे चित्राखालील बारीक मजकूर वाचणें. बहुधा डाव्या कोपऱ्यांत मूळ चित्रकाराचें नांव व त्यापुढें ‘पिंक्सिट’ हा लॅटिन शब्द असतो. त्याचा अर्थ ‘ह्यानें रंगविलें’. उजव्या कोपऱ्यांत ‘स्कल्प्सिट’ असतें, म्हणजे ‘ह्यानें कोरिलें’. ‘डेलिनियाव्हिट’ म्हणजे ‘ह्यानें रेखाटलें’, आणि ‘एक्स्कुडिट’ म्हणजे ‘ह्यानें प्रसिद्ध केलें’. इंग्लंडांत विल्यम होगार्थ वगैरे चित्रकारांच्या खटपटीनें इ. स. १७३५ मध्यें एक कायदा झाला. त्यानें कोरीव चित्राच्या कर्त्यास चौदा वर्षें हक्क मिळाला, पण त्यासाठीं मालकाचें नांव व प्रसिद्धीची तारीख पत्र्यावर घालणें आवश्यक ठरलें. त्यामुळें त्यानंतरच्या इंग्रजी चित्रांवर बहुधा तारीख, महिना, साल व दुकानाचा पत्ता सुद्धां सांपडतो. एका कायद्यानें पुढील पिढ्यांतील संग्राहकांवर केवढे उपकार करून ठेविले आहेत पाहा!

तरीही पत्र्यावरील साल म्हणजे कागदावरील ठशाचें साल नव्हे. पत्रा जपून ठेवून वीसतीस वर्षांनीं पुन्हां ठसे काढणारे प्रकाशक पुष्कळ होते. अशा वेळीं कागद उजेडापुढें धरावा. चांगल्या कागदांत जलचिन्ह असतें, आणि १७९४ नंतरच्या इंग्रजी कागदांत पुष्कळदां सालही असतें. पत्र्यावर १८१५ आणि जलचिन्हांत १८३० असें आढळलें, तर ठसा कधींचा हें सांगावयास पंडित नको.

आतां आम्ही मुख्य मुद्द्याकडे येतों. चित्र खरें जुनें आहे, रंगही जुना आहे, तारीखही जुळते. तरी चेहरा खरा कशावरून? ह्याचें एक विलक्षण उदाहरण इंग्लंडच्या इतिहासांत आहे. पिएर लोंबार नांवाच्या फ्रेंच कोरक्यानें सतराव्या शतकाच्या मध्यास घोड्यावर बसलेल्या ऑलिव्हर क्रॉमवेलचें एक मोठें चित्र कोरिलें. त्याची मांडणी त्यानें व्हॅन डाइकच्या चित्रावरून घेतली. आणि व्हॅन डाइकचें तें चित्र होतें राजा पहिल्या चार्ल्सचें, म्हणजे ज्यास क्रॉमवेलच्या पक्षानें इ. स. १६४९ मध्यें शिरच्छेदाची शिक्षा दिली त्याच राजाचें! गोष्ट येथेंच संपत नाहीं. पुढें त्याच पत्र्यावरील क्रॉमवेलचें डोकें घासून काढण्यांत आलें, व त्या जागीं इतर डोकीं बसविण्यांत आलीं. एका ठशांत फ्रान्सचा चौदावा लुई आहे, एकांत पहिला चार्ल्स आहे, आणि फिरून क्रॉमवेल आहे. मधल्या एका अवस्थेंतील ठशांत तर मानेवर डोकेंच नाहीं. त्यावरून ह्या चित्रास ‘बिनडोक्याचा घोडेस्वार’ असें नांव पडलें. घोडा तोच, चिलखत तेंच, मागें उभा असलेला पोऱ्या तोच. बदललें तें डोकें तेवढें. राज्य पालटलें कीं दुकानदारानें डोकें पालटावें, असा हा व्यवहार होता.

दुसरें उदाहरण आपल्या देशाशीं निगडित आहे. इ. स. १७९९ च्या मे महिन्याच्या ४ तारखेस इंग्रजांनीं श्रीरंगपट्टण घेतलें व टिपू सुलतान लढतां लढतां पडला. ती वार्ता विलायतेस पोंचल्यावर रॉबर्ट केर पोर्टर नांवाच्या बावीसतेवीस वर्षांच्या तरुण चित्रकारानें त्या हल्ल्याचें सुमारें १२० फूट लांबीचें प्रचंड चित्र रंगविलें, व तें इ. स. १८०० मध्यें लंडनच्या लायसियम गृहांत मांडण्यांत आलें. पाहावयास लोकांच्या झुंडी लोटल्या. पुढें व्हेंद्रामिनी नांवाच्या इटालियन कोरक्यानें त्यावरून मोठीं चित्रें कोरिलीं. तीं आज संग्राहकांस फार प्रिय आहेत. परंतु केर पोर्टरनें तोंवर हिंदुस्थानचा किनाराही पाहिलेला नव्हता! त्याच्या चित्रांत धैर्य आहे, धूर आहे, गर्दी आहे. पण तो साक्षीदार नव्हे. त्याच काळांत फ्रान्समध्यें निघालेल्या एका चित्राखालीं टिपूचा बाप हैदरअल्ली ह्यास चक्क ‘मराठ्यांचा सरसेनापति’ म्हटलें आहे. ज्या हैदराशीं पेशव्यांच्या फौजा वर्षानुवर्षें लढल्या, त्यालाच मराठ्यांचा सेनापति केलेला पाहून आमच्या वाचकांस हंसूं येईल. पण पॅरिसमधील गिऱ्हाइकास तें खोटें आहे असें कोण सांगणार होतें?

शत्रूचीं चित्रें काढतांना तर सत्याचा आणखीच चुराडा होतो. जेम्स गिलरे हा लंडनचा सुप्रसिद्ध व्यंगचित्रकार. तो हॅना हंफ्री नांवाच्या विक्रेतीच्या दुकानावरच राहत असे, व त्याचीं हातानें रंगविलेलीं चित्रें तिच्या खिडकींत लागत. इ. स. १८०५ च्या फेब्रुवारीत निघालेल्या त्याच्या एका चित्रांत उंच, सडपातळ पिट प्रधान व ठेंगू नेपोलियन पृथ्वीच्या गोळ्याचा मिष्टान्नाप्रमाणें तुकडा कापून घेत आहेत. गिलरेचा नेपोलियन नेहमीं असाच बुटका, मोठ्या टोपीखालीं बुडालेला व चवताळलेला असतो. वास्तविक नेपोलियनची उंची सुमारें ५ फूट ६ इंच होती; त्या काळच्या फ्रेंच मनुष्यास ती मुळींच कमी नव्हे. फ्रेंच मापानें ती ५ फूट २ इंच भरली, आणि फ्रेंच इंच इंग्रजी इंचाहून मोठा असतो हें पुष्कळांच्या ध्यानांत आलें नाहीं. माप चुकलें, चित्रानें त्यावर शिक्का मारला, व आज दोनशें वर्षें लोटलीं तरी ‘बुटका नेपोलियन’ लोकांच्या मनांतून जात नाहीं. तोफांस जें साधलें नाहीं तें कुंचल्यास साधलें.

आतां कोणी म्हणेल कीं, ह्या परदेशच्या गोष्टी. आम्हांस त्यांचें काय? तर त्यांचें आम्हांस फार आहे. श्रीशिवाजीमहाराजांचा चेहरा हा महाराष्ट्राच्या जिव्हाळ्याचा विषय. तथापि एके काळीं इब्राहीमखान नांवाच्या एका भलत्याच पुरुषाचें चित्र शिवाजीमहाराजांचें म्हणून पुस्तकांत छापलें जाई. इ. स. १९३३ च्या सुमारास इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे ह्यांनीं व्हॅलेंटाइन ह्या डच ग्रंथकाराच्या संग्रहांतील महाराजांचें चित्र पुढें आणलें, तेव्हां कोठें त्या चुकीस आळा बसला. ह्या व्हॅलेंटाइनचा पूर्वेकडील देशांविषयींचा चित्रमय प्रचंड ग्रंथ इ. स. १७२४ ते १७२६ ह्या काळांत हॉलंडांत छापला गेला. चित्राखालच्या नांवावर विसंबून न राहतां मूळ कागदापर्यंत जाणारा एक मनुष्य निघाला, म्हणून साऱ्या समाजाची दृष्टि सुधारली.

पेशवाईंतील एक उदाहरण आणखी सूक्ष्म आहे. इ. स. १७९० मध्यें टिपूविरुद्ध पेशव्यांशीं झालेला तह सर चार्ल्स मॅलेट ह्यानें पुण्याच्या दरबारांत पुरा केला. त्या दरबाराचें भव्य चित्र टॉमस डॅनियलनें इ. स. १८०५ मध्यें पुरें केलें, व त्यावरून चार्ल्स टर्नरनें केलेलें मेझोटिंट १८०७ मध्यें निघालें. डॅनियलनें त्यासाठीं आधार घेतला तो जेम्स वेल्स ह्या स्कॉच चित्रकाराच्या रेखाटनांचा. वेल्स पुण्यास राहिला होता, त्यानें सवाई माधवराव व नाना फडणीस ह्यांस समोर पाहून त्यांचीं चित्रें काढलीं होतीं. म्हणून त्या चित्रांतील चेहऱ्यांस मोल आहे. परंतु वेल्स मुंबईस उतरला तो १७९१ मध्यें, म्हणजे तहानंतर. तेव्हां दरबारांतील बसण्याउठण्याची मांडणी ही प्रत्यक्ष पाहिलेली नव्हे, ऐकून व जुळवून काढलेली आहे. एकाच चित्रांत चेहरे साक्षीचे व प्रसंग कल्पनेचा, असें हें मिश्रण आहे. ‘चित्र खरें कीं खोटें’ एवढेंच विचारूं नये. ‘ह्यांतील कोणता भाग कोणीं पाहिला’ असें विचारावें.

परीक्षेची आणखी एक सोपी युक्ति विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावी. पत्र्यावर जें कोरावें त्याचें कागदावर उलटें, आरशांतल्यासारखें, चित्र उमटतें. सावध कारागीर आधींच उलटें कोरून ठेवी. घाईचा कारागीर तसें न करतां दुसऱ्याच्या चित्राची सरळ नक्कल करी, व मग ठशांत डावें उजवें होई. म्हणून तरवार कोणत्या कमरेस आहे, पदकें कोणत्या छातीवर आहेत हें पाहावें. नेल्सनचा उजवा हात इ. स. १७९७ मध्यें तेनेरीफच्या लढाईंत गेला. तेव्हां रिकामी अस्तनी त्याच्या डाव्या हाताची दिसली तर ती नक्कल समजावी. आणि १७९७ नंतरच्या पराक्रमाच्या चित्रांत त्यास दोन्ही हात असले, तर काय समजावें हें सांगण्याची जरुरी नाहीं.

संग्राहकाच्या हातून जगाचें नुकसानही होतें, हें आम्ही येथें स्पष्ट सांगतों. इंग्लंडांतील जेम्स ग्रेंजर नांवाच्या एका खेडेगांवच्या पाळकानें इ. स. १७६९ मध्यें एक चरित्रकोश प्रसिद्ध केला. त्यांत त्यानें कोरीव व्यक्तिचित्रांच्या आधारें राजापासून रंकापर्यंत मनुष्यांचे बारा वर्ग पाडले. सातवा वर्ग सैन्यांतील व आरमारांतील अंमलदारांचा होता. हेतु निर्मळ होता. परंतु त्या पुस्तकामुळें व्यक्तिचित्रें जमविण्याचें वेड असें पसरलें कीं, लोक जुन्या ग्रंथांतील चित्रें कातरून आपल्या वह्यांत चिकटवूं लागले. कित्येक उत्तम ग्रंथ त्यापायीं लुळेपांगळे झाले, आणि त्या भल्या पाळकाचें नांव पुस्तकें विद्रूप करण्याच्या खोडीस कायमचें चिकटलें. सुटें केलेलें चित्र आपला मजकूर, आपलें पान व आपली साक्ष गमावून बसतें. म्हणून आमचें सांगणें असें कीं, ग्रंथांतून चित्र कापूं नये. कापलेलें आहे असें स्पष्ट दिसत असेल तर तें घेऊन त्या धंद्यास उत्तेजनही देऊं नये. तसेंच चित्र चौकटींत बसावें म्हणून त्याच्या कडा छाटूं नयेत. कारण छाटला जातो तो नेमका खालचा मजकूर, म्हणजे चित्राचा जन्मदाखला.

संग्रहास पैसा फार लागतो अशी पालकांची समजूत असेल, तर ती पुरी खरी नाहीं. थोर चित्रकारांचे पहिले ठसे महाग असतात. पण दुय्यम प्रतीचीं, किंचित् डागाळलेलीं चित्रें शिकण्यास उत्तम. ज्यांस तींही नकोत त्यांनीं संग्रहालयें पाहावीं. कलकत्त्याचें व्हिक्टोरिया मेमोरियल, लंडनचें ब्रिटिश म्यूझियम व इ. स. १८५६ मध्यें स्थापन झालेली तेथील राष्ट्रीय व्यक्तिचित्रशाला ह्या ठिकाणीं अशा चित्रांचा मोठा सांठा आहे. आज अनेक संग्रहालयांनीं आपलीं चित्रें संगणकाच्या द्वारें घरबसल्या पाहण्याची सोय केली आहे. एका वहींत एकेका चित्राचें नांव, कोरणाऱ्याचें नांव, साल व ‘ह्यानें प्रत्यक्ष पाहिलें काय?’ ह्या प्रश्नाचें उत्तर लिहीत गेलें, तर ती वही हाच एक संग्रह होईल. लहान आरंभाची लाज वाटूं नये. अमेरिकेंतील अॅन ब्राउन ह्या बाईंनीं इ. स. १९३० मध्यें विवाहानंतर युरोपच्या प्रवासांत खेळण्यांतले शिपाई विकत घेतले. त्यांच्या गणवेशाचे रंग बरोबर आहेत कीं नाहींत हें ताडून पाहण्यासाठीं त्या जुनीं चित्रें व पुस्तकें जमवूं लागल्या. तो संग्रह वाढतां वाढतां जगांतील लष्करी चित्रांच्या मोठ्या संग्रहांपैकीं एक झाला, व १९८१ मध्यें त्यांनीं तो प्रॉव्हिडन्स येथील ब्राउन विद्यापीठास देऊन टाकिला.

आपल्या हवेंत हीं चित्रें जपणें सोपें नाहीं. उन्हांत पाण्याचे रंग उडतात. म्हणून चित्र उन्हासमोरच्या भिंतीवर लावूं नये. पावसाळ्यांत बुरशी धरते व कसर लागते. म्हणून चित्रें कोरड्या कपाटांत, प्रत्येकामध्यें आम्ल नसलेला स्वच्छ कागद घालून, आडवीं ठेवावीं, व पाऊस सरल्यावर सावलींत एकदां उलटून पाहावीं. खळ किंवा चिकटपट्टी लावूं नये. जुना कागद चिंध्यांचा असल्यामुळें टिकाऊ असतो. त्याचा घात बहुधा आपल्या उपायांनींच होतो. घरांत आजोबांच्या वेळचीं, पुण्याच्या चित्रशाळेच्या छापाचीं किंवा दुसऱ्या कोठलीं जुनीं चित्रें असतील, तर चौकट मोडली म्हणून पालकांनीं तीं रद्दींत घालूं नयेत. चित्रशाळा छापखाना इ. स. १८७८ मध्यें निघाला. त्याचीं रंगीत शिळाछापाचीं चित्रें हातानें रंगविलेलीं नसलीं तरी आपल्या घरांच्या इतिहासाचा तो एक भाग आहे. मुलांस जवळ बसवून तीं दाखवावीं, खालचा मजकूर वाचून घ्यावा.

शेवटीं सेनापतींविषयीं एक शब्द. ह्या चित्रांत जिंकणारे अधिक आहेत व हरणारे थोडे. सरदार पुष्कळ आहेत, आणि ज्यांच्या जिवावर लढाया झाल्या ते साधे शिपाई मागच्या धुरांत अस्पष्ट उभे आहेत. त्यांचा चेहरा कोणी कोरिला नाहीं, कारण तो विकला गेला नसता. विद्यार्थ्यांनीं पुढच्या रांगेंतील झगझगीत पुरुषाकडे पाहून झाल्यावर त्या मागच्या रांगेकडेही पाहावें. आणि पुढें केव्हांही, चित्रांत असो वा छापील मजकुरांत असो, कोणाचें मोठें नांव व सुरेख रंग समोर आले, तर तीन प्रश्न विचारावे : हें कोणीं केलें? केव्हां केलें? त्यानें स्वतः पाहिलें काय? ज्यास हे तीन प्रश्न विचारण्याची संवय लागली, त्याच्याजवळ एकही चित्र नसलें तरी तो खरा संग्राहक आहे, असें आम्ही समजतों.